पीयूसीच्या नळीमागचा माणूस : अननसाच्या वासापासून गाडीच्या धुरापर्यंत

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली ती छोटी व्हॅन तुम्ही पाहिलीच असेल. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक लांब नळी. ती नळी तुमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये जाते, नंबर प्लेटचा फोटो निघतो, आणि दोन मिनिटांत पीयूसीचा कागद हातात. आपण त्यावरची फक्त एकच गोष्ट बघतो : कुठपर्यंत व्हॅलिड आहे.

पण पुढच्या वेळी तो कागद जरा नीट वाचा. पेट्रोल गाडी असेल तर त्यावर दोन मुख्य आकडे असतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांमध्ये. दुसरा हायड्रोकार्बन, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल कारला आयडलिंगवर ०.३ टक्के आणि २०० पीपीएम ही मर्यादा आहे. कार्बन मोनॉक्साइड का मोजतात हे सांगायला नको, तो सरळ विषारी वायू आहे. पण हायड्रोकार्बन म्हणजे काय, तर न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. ते एवढं बारकाईनं मोजायची गरज कुणाला आणि का वाटली?

याचं उत्तर ज्या माणसानं शोधलं तो गाड्यांचा इंजिनियर नव्हता. तो अननसाला वास कशामुळे येतो याचा अभ्यास करत होता.

आरी यान हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात झाला. वडील तिथल्या सरकारी टांकसाळीत केमिस्ट होते, त्यामुळे रसायनशास्त्र घरातच होतं. शिक्षण उट्रेख्ट विद्यापीठातच झालं आणि १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्यांचा विषय होता वनस्पतींमधली रसायनं. १९३० च्या दशकात फ्रिट्झ क्योगल यांच्यासोबत ते वनस्पतींच्या वाढीच्या हार्मोनवर काम करत होते. आज शेतीच्या दुकानात ज्याला ऑक्झिन म्हणून ओळखतात, त्याच्या सुरुवातीच्या संशोधनात त्यांचं नाव आहे. यातला एक पदार्थ या मंडळींनी चक्क माणसाच्या लघवीतून वेगळा काढला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण भरपूर कच्च्या मालातून अगदी चिमूटभर पदार्थ वेगळा काढायचा आणि तो नेमका काय आहे ते ओळखायचं, हेच त्यांचं खरं कौशल्य होतं. पुढची सगळी गोष्ट याच कौशल्यावर उभी आहे.

१९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला आले आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथं कॅलटेकमध्ये रुजू झाले. तिथं ते वास आणि चवीच्या रसायनशास्त्राकडे वळले. कांदा, लसूण, वाइन, आणि अननस. पिकलेला अननस कापल्यावर घरभर जो वास सुटतो तो एका पदार्थाचा नसतो, कितीतरी पदार्थांचं मिश्रण असतं, आणि प्रत्येकाचं प्रमाण अगदी नगण्य. म्हणून त्यांनी टनावारी अननस घेऊन त्यातून उडून जाणारे पदार्थ अतिथंड सापळ्यांमध्ये गोठवून पकडले. वास पकडायचा असेल तर आधी हवा थंड करा, ही त्यांची पद्धत.

आता जरा लॉस एंजेलिस शहरात जाऊ, पासाडेनापासून जवळच.

जुलै १९४३. दुसरं महायुद्ध सुरू आहे. २६ जुलैला शहरावर अचानक धुरकट, डोळे चुरचुरणारी हवा पसरली. लोकांच्या डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, समोरच्या इमारती दिसेनात. शत्रूनं गॅस सोडला की काय, अशी भीती लोकांना वाटली. मग संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर, जिथं कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाईन तयार व्हायचं. तो काही काळ बंद ठेवला. धुरकं गेलं नाहीच.

१९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीनं हवा प्रदूषण नियंत्रणासाठी वेगळं खातं काढलं. त्याचे पहिले प्रमुख लुई मॅककेब कोळशातले तज्ज्ञ. त्यांचा भर गंधकाच्या धुरावर, म्हणजे सल्फर डायऑक्साइडवर होता. तसं पाहिलं तर अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही, कारण तोपर्यंत जगातलं सगळं प्रसिद्ध धुरकं कोळशाचंच होतं, लंडनचं असो की पिट्सबर्गचं. पण लॉस एंजेलिसमध्ये कोळसा फारसा जळतच नव्हता. शिवाय लंडनचं धुरकं थंडीत, धुक्यात, रात्री दाट व्हायचं. इथलं मात्र लख्ख उन्हात, भर दुपारी वाढायचं. आणि याचा वास जळक्या गंधकासारखा नव्हताच, ब्लीचिंग पावडरच्या जवळ जाणारा होता.

ही वासाची गोष्ट ज्यांना खटकली ते होते आर्नोल्ड बेकमन. पीएच मीटर बनवणारे, स्वतः कॅलटेकचे माजी प्राध्यापक, आणि या नव्या खात्याचे सल्लागार. (पुढे १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टरवाल्या विल्यम शॉकली यांच्या कंपनीला पैसे पुरवणारे हेच. ज्या कंपनीतून फुटलेल्या लोकांनी सिलिकॉन व्हॅली घडवली ती ही. म्हणजे तुमच्या हातातल्या फोनच्या चिपच्या वंशावळीतही बेकमन आहेत.) बेकमन यांनी विचार केला की वासाचं कोडं आहे तर वास ओळखणाऱ्या माणसाकडेच जाऊ. ते हागेन-स्मिट यांच्याकडे गेले.

साधारण १९४८ सालची गोष्ट. हागेन-स्मिट यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीतून पासाडेनाची हवा आत ओढली. अननसासाठी वापरलेलंच तंत्र. जवळपास ३०,००० घनफूट हवा त्या थंड सापळ्यांतून नेली आणि तळाशी जे जमलं ते होतं काही थेंब : तपकिरी, घाण वासाचं पाणी. तपासल्यावर त्यात पेरॉक्साइड जातीचे सेंद्रिय पदार्थ सापडले. म्हणजे कुठूनतरी आलेल्या हायड्रोकार्बनचं हवेतच ऑक्सिडेशन झालेलं होतं. हे पदार्थ कुठल्याच धुराड्यातून थेट बाहेर पडत नव्हते, ते हवेत तयार होत होते.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे इथं मला राहून राहून एक गोष्ट वाटते. एरर जिथं दिसतो तिथं बग नसतो, हे आम्हाला पहिल्या नोकरीत कुणीतरी सीनियर शिकवतो. मॅककेब आणि मंडळी एरर जिथं दिसतोय तिथला अपराधी शोधत होती. हागेन-स्मिट यांनी मधली प्रोसेस पकडली.

आणि एवढं करून ते परत अननसाकडे निघाले होते! त्यांच्या दृष्टीनं उत्तर मिळालं होतं, आता पुढचं ज्याचं त्यानं बघावं. पण तेवढ्यात एक घटना घडली. तेल कंपन्यांच्या संघटनेनं स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला धुरक्याच्या अभ्यासासाठी पैसे दिले होते. (ही तीच संस्था, जिथं पुढे कॉम्प्युटरचा माउस तयार झाला आणि जिच्यातून सिरी बाहेर पडली.) त्यांचा एक शास्त्रज्ञ कॅलटेकमध्ये व्याख्यानाला आला आणि भर सभेत हागेन-स्मिट यांचं काम चुकीचं ठरवून गेला. श्रोत्यांमध्ये हागेन-स्मिट बसलेले. शांत स्वभावाचा हा डच प्राध्यापक त्या दिवशी चांगलाच भडकला, आणि त्यानं अननस बाजूला ठेवले ते कायमचेच. कॅलटेकमधून वर्षभराची रजा घेऊन ते प्रदूषण खात्यात कामाला गेले.

आता काम होतं बग पुन्हा घडवून दाखवायचं. रिप्रोड्यूस केल्याशिवाय कुणी मान्य करत नाही, हे तेव्हाही होतं.

त्यांच्याकडे दोन उत्तम साक्षीदार होते. पहिला साक्षीदार पालक. भाजीचा पालक. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या शेतांत पालक, बीट, लेट्यूस अशा पिकांच्या पानांची खालची बाजू चंदेरी पडून करपत होती आणि शेतकरी हैराण होते. सल्फर डायऑक्साइडमुळे असा डाग पडत नाही, हे वनस्पतीवाल्यांना माहीत होतं. हागेन-स्मिट यांनी बंद खोलीत रोपं ठेवून त्यात पेट्रोलची वाफ आणि ओझोन सोडला. पानांवर हुबेहूब तेच चंदेरी डाग उमटले.

दुसरा साक्षीदार रबर. लॉस एंजेलिसमध्ये टायरना इतर शहरांपेक्षा लवकर भेगा पडायच्या. ताणलेल्या रबराला ओझोन चिरा पाडतो. तर त्यांनी रबराच्या पट्ट्या वाकवून हवेत ठेवल्या आणि चीर पडायला किती मिनिटं लागतात ते मोजलं. जितक्या लवकर चीर, तितका ओझोन जास्त. कुठलंही महागडं यंत्र न घेता ओझोन मीटर तयार. मला त्यांच्या सगळ्या कामात ही रबराची पट्टी सगळ्यात जास्त आवडते.

या सगळ्यातून जे चित्र तयार झालं ते त्यांनी १९५२ च्या सुमारास शोधनिबंधांतून मांडलं. सोप्या भाषेत ते असं आहे. इंजिनमध्ये प्रचंड तापमानाला हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. सायलेन्सरमधून ते बाहेर पडतात, सोबत न जळलेलं पेट्रोलही. वर ऊन. सूर्यप्रकाश नायट्रोजन डायऑक्साइडला फोडतो, त्यातून सुटा झालेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो, की झाला ओझोन. एरवी हा ओझोन लगेच परत नायट्रिक ऑक्साइडशी भिडून संपला असता. पण हायड्रोकार्बन मध्ये पडतात, नायट्रिक ऑक्साइडला दुसऱ्याच वाटेनं परत डायऑक्साइड बनवतात, आणि ओझोन साठत जातो. म्हणजे एकटं पेट्रोल किंवा एकटा नायट्रोजन ऑक्साइड एवढा त्रास देत नाही. दोघं मिळून उन्हात देतात. त्यात लॉस एंजेलिसला तीन बाजूंनी डोंगर, वरून गरम हवेचं झाकण. ढवळायला वाराच नाही.

म्हणून पीयूसीच्या कागदावर तो दुसरा आकडा आहे.

तुमच्या फोनवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप असेल तर उन्हाळ्यात एखाद्या शहराचा ओझोन दिवसभरात कसा बदलतो ते बघा. सकाळच्या ट्रॅफिकच्या वेळी नाही, दुपारी ऊन चढल्यावर तो वाढतो. प्रतिक्रिया व्हायला वेळ लागतो ना.

लोकांनी हे लगेच मान्य केलं का? छे. तेल शुद्धीकरण कारखान्यांना टाक्यांमधून उडणारी वाफ रोखायला लावली ते जमलं, कारण कारखाने मोजके होते. घरामागे कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर १९५७ मध्ये बंदी आली, लोक चिडले पण तेही निभावलं. गाडीचं मात्र अवघड होतं, कारण दोषी प्रत्येक जण होता. काउंटीचे लोकप्रतिनिधी केनेथ हान यांनी १९५३ पासून वाहन कंपन्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. फोर्डकडून आलेल्या उत्तराचा आशय असा होता की गाडीचा धूर हवेत लवकर विरून जातो, त्यामुळे काही प्रश्न नाही. पुढे १९६९ मध्ये अमेरिकी न्याय विभागानं मोठ्या वाहन कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा की धूर कमी करणारी उपकरणं उशिरा यावीत म्हणून त्यांनी आपसात संगनमत केलं. तो खटला त्याच वर्षी तडजोडीनं मिटला.

मधल्या काळात कॅलिफोर्निया राज्यानं पावलं टाकली. १९६० मध्ये वाहन प्रदूषणासाठी मंडळ नेमलं, त्यात हागेन-स्मिट होते. आधी क्रँककेसची वाफ परत इंजिनात जाळायला लावणारी व्यवस्था आली, मग १९६६ च्या मॉडेलपासून सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावर मर्यादा. अमेरिकेत हे पहिल्यांदाच होत होतं. त्यानंतर १९७० चा राष्ट्रीय कायदा आणि १९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

इथं जरा थांबतो, कारण पीयूसीला जाण्याआधी गाडीचं काय बघायचं हे या सगळ्यातूनच कळतं.

गेल्या हिवाळ्यात माझी बाईक पीयूसीत नापास झाली. घराखालीच सेंटर, सकाळी थंड गाडी ढकलत नेली, चोक ओढून चालू केली आणि नळी लावली. आकडे मर्यादेबाहेर. मी गाडी बिघडली म्हणून डोक्याला हात लावला, पण शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी हसून सांगितलं, आधी सात-आठ किलोमीटर फिरवून आण. आणली, पास झाली. कारण साधं आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, आणि कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. तेव्हा गाडी पूर्ण गरम करून न्या, आणि रांगेत असाल तर ती फार वेळ बंद ठेवू नका.

हायड्रोकार्बनचा आकडा एकदम वर गेला असेल तर सगळ्यात आधी स्पार्क प्लग बघा. गाडी मिसिंग करत असेल तर त्या वेळचं पेट्रोल न जळता तसंच बाहेर जातं. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी होतेय. कार्बोरेटरच्या गाडीत चोंदलेला एअर फिल्टर आणि बिघडलेलं ट्यूनिंग, इंजेक्शनच्या गाडीत बहुतेक वेळा ऑक्सिजन सेन्सर. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल तर तो आधी निस्तरा. ऑइल जुनं झालं असेल तर बदला, कारण त्यात उतरलेलं पेट्रोल क्रँककेसच्या नळीतून परत इंजिनात येतं. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडे चुकीचे येतात, तेही दुरुस्त करा. आणि टाकीच्या झाकणाचं रबर! आपल्या पीयूसीत ते तपासत नाहीत, पण कॅलिफोर्नियात १९८४ साली जी स्मॉग चेक नावाची तपासणी सुरू झाली त्यात पुढे झाकणाचीही चाचणी आली. टाकीतून उडालेली वाफ ही हागेन-स्मिट यांच्या खोलीतल्या पालकाला करपवणारीच वाफ.

नळी न लावता फक्त नंबर प्लेटचा फोटो काढून कागद देणारेही असतात. मला एकदा असा भेटला होता आणि खरं सांगायचं तर तेव्हा मी वेळ वाचला म्हणून खूश झालो होतो.

परत गोष्टीकडे. १९६८ मध्ये कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड सुरू झालं आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. नेमणूक करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. या बोर्डानं नायट्रोजन ऑक्साइडवर मर्यादा घातली, जी तोवर कुणीच घातली नव्हती. हे किचकट काम होतं. इंजिन चांगलं तापवून पेट्रोल नीट जाळलं की हायड्रोकार्बन कमी होतात, पण तापमान वाढल्यानं नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. एक दाबलं की दुसरं वर. आणि नव्या गाड्या सुधारल्या तरी रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांचं काय? त्यांनाही नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी उपकरणं बसवायची का, खर्च गाडीमालकानं करायचा का, यावर १९७३ मध्ये मोठा वाद पेटला. त्या वर्षाच्या शेवटी रेगन यांनी हागेन-स्मिट यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. गंमत म्हणजे अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स त्यांना मिळालं ते १९७३ सालचंच.

त्यांना पद गेल्याचं किती वाटलं असेल ते माहीत नाही. पण पंचवीस वर्षं एका शहराच्या हवेमागे घालवलेल्या माणसाला ते नक्कीच लागलं असणार, असं मला वाटतं. १७ मार्च १९७७ रोजी पासाडेना इथं फुप्फुसाच्या कॅन्सरनं त्यांचं निधन झालं. एल मॉन्टे इथल्या बोर्डाच्या वाहन चाचणी प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्याचा कार्यक्रम त्याच्या अवघे दोन महिने आधी झाला होता.

त्या प्रयोगशाळेची एक गोष्ट सांगून थांबतो. २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका टीमला फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये काहीतरी विचित्र आढळलं : चाचणीत धूर स्वच्छ, रस्त्यावर मात्र कितीतरी पट जास्त. मग एल मॉन्टेच्या हागेन-स्मिट प्रयोगशाळेतल्या इंजिनियरनी त्या गाड्या पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रकारे चालवून तपासल्या. दोष कुठल्याच पार्टमध्ये नव्हता. तो कोडमध्ये होता. आपली चाचणी चालू आहे हे गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये हे जगासमोर आलं. रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडणारा तो वायू होता नायट्रोजन ऑक्साइड, ज्याच्या वादात हागेन-स्मिट यांची खुर्ची गेली होती तोच. आपल्या पीयूसीच्या कागदावर त्याचा रकाना अजून नाही.